मुरघासाच्या आंबटपणाचं गणित मांडून नोबेल मिळवणारे आर्तुरी विर्तानेन

गोठ्याशेजारी मुरघासाची बॅग किंवा खड्डा आता गावोगावी दिसतो. मका चिकात आला की कापायचा, कुट्टी करायची, दाबून भरायची, हवा बंद करायची आणि दीड महिन्यानं उघडायची. हे काम आता बायाबापड्यांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळ्यांना जमतं. पण हिरवा चारा टिकवण्याच्या कामासाठी एका माणसाला नोबेल पारितोषिक मिळालं होतं, हे फार थोड्यांना माहीत असेल.

त्यांचं नाव आर्तुरी इल्मारी विर्तानेन. देश फिनलंड, युरोपच्या पार उत्तरेला. १९४५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. शेती आणि आहाराच्या रसायनशास्त्रातलं संशोधन, आणि त्यातही खास करून चारा टिकवण्याची पद्धत, हे त्यामागचं कारण होतं. बॉम्ब नाही, रॉकेट नाही, गायीच्या गव्हाणीतली वैरण!

चाऱ्यात नवीन काही आलं की दूध उत्पादकाच्या मनात पहिला प्रश्न उठतो, याचं जनावराला काही होणार नाही ना, दुधात काही उतरणार नाही ना? विर्तानेन यांची निम्मी हयात याच प्रश्नाचं उत्तर मोजून काढण्यात गेली. आज जनुकीय बदल केलेल्या मक्याच्या मुरघासावरून जगभर हाच प्रश्न विचारला जातो. म्हणून त्यांची गोष्ट जुनी असली तरी कामाची आहे.

इंजिन ड्रायव्हरचा मुलगा

विर्तानेन यांचा जन्म १५ जानेवारी १८९५ रोजी हेलसिंकी इथं झाला. वडील रेल्वेचं इंजिन चालवायचे. घर साधं होतं. तेव्हा फिनलंड स्वतंत्र नव्हता, रशियाच्या झारच्या ताब्यात होता. मुलाचं शिक्षण पूर्वेकडच्या विपुरी या शहरात झालं आणि १९१३ साली त्यानं हेलसिंकी विद्यापीठात नाव घातलं. रसायनशास्त्र हा मुख्य विषय, पण वनस्पती आणि जीवशास्त्राचीही ओढ होती. पुढं हीच जोडी कामाला आली.

१९१६ साली त्यांनी पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केलं आणि त्यापाठोपाठ डॉक्टरेट मिळवली. ते संशोधन पाइनच्या झाडाच्या राळेतल्या आम्लांवर होतं. त्याच काळात देशात उलथापालथ चालू होती. ६ डिसेंबर १९१७ रोजी फिनलंड स्वतंत्र झाला आणि लगेच १९१८ मध्ये यादवी युद्ध पेटलं. आपसातच माणसं मेली, धान्याची टंचाई झाली. आपलं पोट आपल्याच जमिनीवर भरलं पाहिजे, ही गोष्ट त्या पिढीच्या मनात तेव्हाच पक्की बसली.

१९२० साली त्यांचं लग्न लिल्या मोइसिओ यांच्याशी झालं. त्या वनस्पतीशास्त्र शिकलेल्या होत्या. त्यांना दोन मुलं झाली. याच सुमारास विर्तानेन यांनी स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला आणि स्वीडनमधल्या स्टॉकहोमला जाऊन पुढचं शिक्षण घेतलं. स्टॉकहोमला हान्स फॉन ऑयलर-चेल्पिन यांच्याकडं ते विकरांचा, म्हंजे जिवंत पेशीतली रासायनिक कामं घडवणाऱ्या पदार्थांचा अभ्यास शिकले. या गुरूंनाही पुढं १९२९ साली नोबेल मिळालं.

दूध संघाची नोकरी

एवढं शिकलेला माणूस विद्यापीठातच राहील असं कुणालाही वाटेल. पण १९१९ साली विर्तानेन वालिओ या संस्थेच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. वालिओ म्हंजे फिनलंडमधल्या सहकारी डेअऱ्यांचा महासंघ. १९०५ साली १७ डेअऱ्यांनी एकत्र येऊन लोणी परदेशी, मुख्यतः इंग्लंडला, पाठवण्यासाठी तो उभा केला होता. आपल्याकडं गावची दूध संस्था आणि तिच्यावर दूध संघ असतो, तशीच ही रचना. वय अवघं २६ असताना, १९२१ मध्ये, ते या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले.

ही नोकरी वरवर साधी दिसते. लोण्याचा वास का बिघडतो, चीज का फुगतं, दूध का नासतं, हे तपासायचं. पण या तक्रारींमागं शेतकऱ्याचा पैसा अडकलेला होता. इंग्लंडच्या बाजारात लोण्याला खवट वास आला तर भाव पडायचा, आणि तो पडलेला भाव शेवटी दोन-चार गायीवाल्याच्या हिशेबातूनच कापला जायचा.

लोणी टिकावं म्हणून विर्तानेन यांनी त्यात घालायचं एक क्षार शोधून काढलं. त्यानं लोण्याचा आंबटपणा आटोक्यात राहायचा आणि साठवणीत ते लवकर बिघडायचं नाही. चीजमध्ये भोकं पाडणाऱ्या जिवाणूंचाही त्यांनी अभ्यास केला. जिवाणू कोणत्या आंबटपणात वाढतात आणि कोणत्या आंबटपणात गप्प बसतात, याची त्यांना बारीक माहिती झाली. ती माहिती घेऊन ते डेअरीतून मागं मागं सरकत थेट गव्हाणीपर्यंत गेले. दूध चांगलं हवं तर आधी वैरण चांगली हवी, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

सात-आठ महिन्यांचा हिवाळा

फिनलंडमध्ये हिवाळा लांबलचक असतो. जनावरं वर्षातले सात-आठ महिने गोठ्यात बांधून ठेवावी लागतात. बाहेर बर्फ, गवताची काडी नाही. उन्हाळा आखूड, त्यातच पावसाच्या सरी. गवत कापून वाळवायला टाकलं की पाऊस यायचा आणि काळं पडायचं. वाळलं तरी पानं झडून जायची, हातात काड्या उरायच्या. पानातच तर प्रथिनं असतात. जीवनसत्त्व अ ज्यापासून बनतं तो पिवळा घटक, कॅरोटीन, तोही उन्हात उडून जायचा.

परिणाम दिसायचा तो दुधात. हिवाळ्यात गायी आटायच्या, लोणी पांढरंफटक पडायचं आणि त्यातलं जीवनसत्त्व कमी व्हायचं. प्रथिनांची तूट भरायला परदेशातून पेंड आणावी लागायची. पहिल्या महायुद्धात बाहेरून माल येणं अडलं तेव्हा हे अवलंबून राहणं किती महाग पडतं, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. आपल्याकडं उन्हाळ्यात हिरवी वैरण संपते, पेंडीचा भाव चढतो आणि दुधाचा हिशेब तोट्यात जातो. त्यांच्याकडं तेच हिवाळ्यात व्हायचं, फक्त जास्त लांब.

हिरवा चारा खड्ड्यात दाबून ठेवायची पद्धत तेव्हाही जुनीच होती. फ्रान्समधल्या ऑग्युस्त गोफार या शेतकऱ्यानं मक्याच्या मुरघासावर १८७७ सालीच पुस्तक लिहिलं होतं. पण फिनलंडच्या थंडीत मका कुठून येणार? तिथं गवत आणि क्लोव्हर, म्हंजे आपल्या बरसीमच्या कुळातलं शेंगवर्गीय पीक. खरी अडचण इथंच होती.

मक्यात साखर भरपूर असते. हवा बंद झाली की लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू, म्हंजे दूध विरजणाऱ्या जिवाणूंचेच भाऊबंद, ती साखर खातात आणि चारा पटकन आंबट करतात. आंबट झाला की सडवणारे जिवाणू थांबतात. क्लोव्हरमध्ये, किंवा आपल्या लसूणघासात, साखर कमी आणि प्रथिनं जास्त. तो लवकर आंबत नाही. तेवढ्या वेळात सडवणारे जिवाणू माजतात, प्रथिनं फोडतात, ब्युटिरिक आम्ल तयार करतात. मग खड्डा उघडला की नाक धरावं लागतं. शिवाय या जिवाणूंचे बीजाणू शेणातून, सडातून दुधात जातात आणि त्या दुधाचं चीज काही आठवड्यांनी फुगून फुटतं. वालिओच्या चीजचं दुखणं आणि शेतकऱ्याच्या खड्ड्याचं दुखणं असं एकच निघालं.

आकडा सापडला: पीएच ४

आंबटपणा पीएच या मापानं मोजतात. शुद्ध पाण्याचा पीएच ७. आकडा खाली येईल तसा आंबटपणा वाढतो, आणि एक आकडा खाली म्हंजे आंबटपणा दहापट. दह्याचा पीएच साधारण साडेचारच्या आसपास असतो.

१९२५ पासून विर्तानेन चाऱ्याच्या मागं लागले. ताजा चारा वेगवेगळ्या आंबटपणात ठेवायचा आणि किती प्रथिनं टिकली, किती गेली हे मोजायचं, असं काम चालू झालं. त्यातून दिसलं की पीएच ४ च्या खाली आला की तीन गोष्टी एकदम आवरतात. कापलेल्या झाडाचा श्वास चालू राहून साखर जळते, ते थांबतं. प्रथिनं फुटायची थांबतात. आणि ब्युटिरिक आम्लवाले जिवाणू गप्प होतात.

मग जिवाणू आम्ल कधी तयार करतील याची वाट का बघायची? चारा भरतानाच पातळ केलेलं आम्ल शिंपडून आंबटपणा थेट हव्या त्या आकड्यावर आणला तर? चाऱ्यावर आम्ल मारायचे प्रयत्न याआधीही काही ठिकाणी झाले होते. पण नेमका कुठला आकडा गाठायचा आणि का, हे विर्तानेन यांनी पक्कं केलं. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि थोडं गंधकाम्ल पाण्यात पातळ करून, कोणत्या चाऱ्याला किती, याचं मोजमाप त्यांनी ठरवलं. १९२८ मध्ये पद्धत तयार झाली आणि तिला त्यांच्याच नावाची आद्याक्षरं मिळाली, एआयव्ही. १९३२ साली पेटंट मिळालं.

आम्ल मारलेला चारा गायीला?

इथून खरी परीक्षा सुरू झाली. हायड्रोक्लोरिक आम्ल म्हंजे फरशी धुवायच्या ॲसिडमध्ये असतं तेच. ते वैरणीवर मारायचं म्हटल्यावर शेतकरी बिचकणारच. गायीची हाडं ठिसूळ होतील का, गाभण गाय गाभडेल का, दूध आंबट येईल का, असे प्रश्न उभे राहिले. त्यात आम्ल हाताळणं धोक्याचं. कपडे जळायचे, अवजारं गंजायची.

विर्तानेन यांनी या शंकांना अडाणीपणा समजून झटकून टाकलं नाही. शंका रास्त आहे, तर मोजून बघू, असा त्यांचा खाक्या. गायींना हा चारा घालून त्यांनी प्रयोग लावले. गाय किती खाते, किती दूध देते, रक्तात आणि लघवीत काय बदल होतो, दुधात आणि लोण्यात काय उतरतं, हे तपासलं. आम्लाचा भार कमी व्हावा म्हणून चाऱ्यासोबत चुनखडी आणि सोडा द्यायची पद्धत ठेवली. १९३३ च्या सुमारास त्यांनी हेलसिंकीजवळ स्वतःची शेती घेतली आणि प्रयोगशाळेत निघालेल्या गोष्टी तिथं प्रत्यक्ष करून पाहिल्या. दुसऱ्याच्या गोठ्यावर प्रयोग आणि आपण नामानिराळे, असं त्यांचं नव्हतं.

निकाल शेतकऱ्याला डोळ्यांनी दिसला. हिवाळ्यातही गायी दुधाला टिकल्या. लोणी उन्हाळ्यासारखं पिवळं राहिलं, कारण चाऱ्यातलं कॅरोटीन टिकलं होतं. विकतची पेंड कमी लागू लागली. पद्धत फिनलंडमधून स्वीडन, नॉर्वे आणि युरोपातल्या इतर देशांत पसरली. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून पेंड येणं पुन्हा बंद झालं, तेव्हा घरच्या गवत-क्लोव्हरच्या जोरावर जनावरं जगवायला तिचा मोठा आधार झाला.

मात्र जी आम्लं त्यांनी आधी वापरली, तीच कायमची राहिली नाहीत. पुढं १९६० च्या दशकात त्यांची जागा फॉर्मिक आम्लानं घेतली. एआयव्ही हे नाव राहिलं, आतला माल बदलला. आंबटपणा लवकर खाली आणायचा, हे तत्त्व मात्र तेच राहिलं.

मुळावरच्या गाठी आणि लाल रंग

चाऱ्यातली प्रथिनं टिकवायची तर आधी ती शेतात तयार व्हायला हवीत. प्रथिनाला नत्र लागतं. हरभरा, तूर, भुईमूग, लसूणघास यांच्या मुळांवर गाठी असतात, त्यातले जिवाणू हवेतलं नत्र झाडाला देतात, हे आज शाळकरी पोरगंही सांगतं. विर्तानेन यांनी या गाठींवर वर्षानुवर्षं काम केलं. ताजी गाठ फोडली की आत लालसर रंग दिसतो. हा रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारख्याच पदार्थाचा आहे. ज्या गाठीत तो नाही, ती गाठ नत्र बांधत नाही, हे त्यांनी दाखवलं. आजही शेतात भुईमूग उपटून गाठ फोडून पाहिली तर लाल म्हंजे कामाची आणि पांढरी किंवा हिरवट म्हंजे निकामी, असं ओळखता येतं.

शेंगवर्गीय पिकानं हवेतलं नत्र पकडायचं, चारा टिकवून ते हिवाळ्यापर्यंत राखायचं आणि गायीनं त्याचं दूध करायचं. खत आणि पेंड दोन्हीचा खर्च वाचवणारी ही साखळी विर्तानेन यांच्या डोळ्यासमोर होती.

नोबेल

१९३१ साली त्यांची प्रयोगशाळा जैवरसायन संशोधन संस्था झाली. त्याच वर्षी ते तंत्रविद्यापीठात आणि १९३९ पासून हेलसिंकी विद्यापीठात प्राध्यापक झाले. पण संस्थेचं काम सोडलं नाही, १९७० पर्यंत ते तिचे प्रमुख होते.

१९३९-४० च्या हिवाळ्यात सोव्हिएत रशियानं फिनलंडवर हल्ला केला. ज्या विपुरीत विर्तानेन शिकले ते शहर युद्धात गेलं. पूर्वेकडच्या कारेलिया भागातून चार लाखांवर माणसं घरदार सोडून आली आणि उरलेल्या फिनलंडमध्ये त्यांना जमिनी देऊन वसवावं लागलं. देश थकलेला, खाणारी तोंडं तेवढीच आणि जमीन कमी. अशा वेळी, १९४५ साली, नोबेलची बातमी आली. विज्ञानातलं नोबेल मिळवणारे ते पहिले फिनिश. वय ५० वर्षं. १९४८ मध्ये ते फिनलंडच्या अकादमीचे अध्यक्ष झाले.

कांदा, कोबी आणि युरिया

पारितोषिक मिळाल्यावर ते सत्कार घेत बसले नाहीत. कांदा चिरताना डोळ्यात पाणी का येतं याचा त्यांनी शोध घेतला. अख्ख्या कांद्यात तो झोंबणारा पदार्थ नसतोच, तो कांदा कापल्यावर एका मूळ पदार्थापासून तयार होतो. तो मूळ पदार्थ त्यांनी कांद्यातून वेगळा केला.

दुसरं काम थेट दूधवाल्यांच्या जिव्हाळ्याचं. कोबी-मोहरीच्या कुळातल्या चाऱ्यात गलगंडाला कारण होऊ शकणारे पदार्थ असतात. गाय तो चारा खाते, मग ते दुधातून माणसात जातात का, अशी चर्चा फिनलंडमध्ये होती. विर्तानेन यांनी चारा घातला, दूध काढलं, मोजलं. दुधात उतरणारं प्रमाण फारच थोडं निघालं. चाऱ्यात जे असतं ते जसंच्या तसं दुधात येत नाही, मधे गायीचं पोट असतं, हे यातून पुन्हा स्पष्ट झालं.

त्या पोटाची ताकद किती, हे त्यांनी शेवटच्या मोठ्या प्रयोगात दाखवलं. गाय, म्हैस, शेळी या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोटीपोटात असंख्य सूक्ष्मजीव असतात. विर्तानेन यांनी गायींना प्रथिनं जवळजवळ नसलेला खुराक दिला. शुद्ध केलेलं तंतू, स्टार्च, साखर, थोडं तेल, क्षार, आणि नत्रासाठी युरिया व अमोनियाचे क्षार. गायींना हळूहळू सवय लावली. कोटीपोटातल्या सूक्ष्मजीवांनी युरियातलं नत्र घेऊन स्वतः प्रथिनं बनवली आणि गायीनं त्यावर दूध दिलं. चांगल्या गायींनी वर्षाला ४,००० किलोच्या वर दूध दिलं. १९६६ साली हे निष्कर्ष सायन्स या नियतकालिकात छापून आले.

मात्र इथं एक इशारा हवाच. तो प्रयोग तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, सवय लावत, मोजून मापून केलेला होता. गोठ्यात अंदाजानं युरिया चारला तर जनावर तासाभरात दगावू शकतं. कडब्यावरची युरिया प्रक्रियासुद्धा पशुवैद्यकाला विचारूनच करावी.

साधा माणूस, शेवटचे दिवस

विर्तानेन यांनी स्वतःची मोटार कधी घेतली नाही. दारू-सिगारेटला शिवले नाहीत. नोबेल मिळाल्यावरही राहणी तीच राहिली. श्रीमंत देशांत दूध-धान्य जास्त होतंय अशी ओरड व्हायची, तेव्हा ही अवस्था तात्पुरती आहे, असं त्यांचं मत होतं. भुकेचा काळ त्यांनी पाहिला होता.

१९७३ च्या शरद ऋतूत ते पडले आणि मांडीचं हाड मोडलं. त्यानंतर न्यूमोनिया झाला आणि ११ नोव्हेंबर १९७३ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, हेलसिंकीत त्यांचं निधन झालं. चंद्रावरच्या एका विवराला आणि एका लघुग्रहाला त्यांचं नाव दिलेलं आहे.

त्याच महिन्यात सुरू झालेली दुसरी गोष्ट

योगायोग असा, की त्याच नोव्हेंबर १९७३ मध्ये अमेरिकेत स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांचा एक शोधनिबंध छापून आला. डीएनएचे तुकडे प्रयोगशाळेत जोडून ते जिवाणूत घालायचं आणि चालवायचं तंत्र त्यात होतं. जनुकीय बदल केलेली पिकं याच वाटेनं पुढं आली. १९९६ पासून अमेरिकेत बीटी मका शेतात लावला जाऊ लागला. खोड पोखरणाऱ्या अळीला मारणारं प्रथिन या मक्यात तयार होतं. तिथल्या शेतकऱ्यांनी त्याचं दाणे आणि मुरघास दोन्ही गायींना घातलं.

विर्तानेन यांना हा मका बघायला मिळाला नाही. पण प्रश्न त्यांचाच होता. गायीला काही होतं का, दुधात काही उतरतं का? आणि तो तपासण्याची रीतही त्यांचीच, गायीला घालून मोजायचं. जर्मनीतल्या बव्हेरियात ३६ गायींवर २५ महिने असा प्रयोग झाला. निम्म्या गायींना बीटी मका, निम्म्यांना साधा. खाणं, दूध, दुधाची प्रत यात बीटी मक्यामुळं फरक पडला नाही आणि दुधात ते बीटी प्रथिन सापडलं नाही. इतर अनेक चाचण्यांचाही कल असाच आहे.

कारण पोटात आहे. प्रत्येक हिरव्या काडीत डीएनए असतंच, साध्या मक्यातही. ते आणि प्रथिनं कोटीपोटात आणि पुढच्या पोटात फोडली जातात. बीटी प्रथिन अळीच्या आतड्यातल्या विशिष्ट जागी चिकटून तिला मारतं, तशी जागा गायीच्या आतड्यात नसते.

पण जनावराला चालतं की नाही, हा एक प्रश्न. तो मका शेतात लावावा की नाही, हा दुसरा. ज्या जर्मनीत हा प्रयोग झाला, तिथंच २००९ साली त्या मक्याच्या लागवडीवर बंदी आली, आणि ती पर्यावरणाच्या कारणानं. बियाण्याचा भाव, कंपनीवरचं अवलंबन, अळीला येणारी सवय, हे प्रश्न गायीच्या पोटातून सुटत नाहीत. कापूस पिकवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. बीटी कपाशीला २००२ साली मंजुरी मिळाली, सुरुवातीला बोंडअळी आटोक्यात राहिली, आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं विदर्भात बीटीचीच बोंडं पोखरली.

भारतात जीएम मक्याच्या लागवडीला परवानगी नाही. आपल्याकडच्या मुरघासाचा मका साधा संकरितच असतो. बीटी म्हणून कुणी मक्याचं बियाणं विकत असेल तर ते बेकायदेशीर आहे. मात्र बीटी कपाशीच्या सरकीची पेंड आपली जनावरं कितीतरी वर्षं खात आली आहेत, हेही खरं.

आपल्या खड्ड्यात काय बघायचं?

मुरघासातला रोजचा धोका बियाण्यापेक्षा हवेत आणि बुरशीत जास्त असतो. २०१८ मध्ये आलेली लष्करी अळी मक्याचं कणीस पोखरते, तिथून बुरशी शिरते. काही बुरशींचं विष, अफ्लाटॉक्सिन, जनावरानं खाल्लं तर त्याचा अंश दुधात उतरतो. इथं गायीचं पोट सगळं निस्तरत नाही.

म्हणून मका दाणा चिकातून पिठात जाताना, साधारण ६५ ते ७० टक्के ओलावा असताना कापावा. कुट्टी बारीक, दोन सेंटीमीटरच्या आत असावी. थर देऊन कचकचून दाबावं, एकाच दमात भरून बंद करावं, प्लास्टिकला उंदीर-घुशीनं भोक पाडलं तर लगेच बुजवावं. मक्याला वेगळं आम्ल लागत नाही, त्याच्या साखरेतून ते आपोआप तयार होतं. विर्तानेन यांचं आम्ल घरी करून बघण्याचा तर विचारही करू नये, ते हाताला आणि डोळ्याला घातक आहे. नुसत्या लसूणघासाचा मुरघास करायचा असेल तर मात्र तो मक्यात मिसळावा किंवा गूळ घालावा, कारण त्याला साखर कमी पडते.

उघडल्यावर रंग पिवळसर हिरवा आणि वास आंबटगोड आला तर काम फत्ते. सडका, नाकात बसणारा वास आला तर ब्युटिरिक आम्लवाल्यांनी डाव साधला असं समजावं. पांढरी, काळी, निळसर बुरशी दिसली तर तो भाग सरळ उकिरड्यावर टाकावा, वाया जाईल म्हणून गव्हाणीत टाकू नये. पीएच मोजायच्या कागदी पट्ट्या स्वस्तात मिळतात. आकडा ४ च्या आसपास असला की मुरघास टिकला. हाच आकडा फिनलंडच्या एका इंजिन ड्रायव्हरच्या मुलानं शंभरएक वर्षांपूर्वी दूध संघाच्या प्रयोगशाळेत बसून शोधला होता.